गोवा, सालाझार आणि मित्रांची निवड

ठाण्याचा किल्ला आज मध्यवर्ती कारागृह आहे. नौपाड्यातून तिथवर जायला फार वेळ लागत नाही, पण भिंतीपलीकडचे काही दिसत नाही, त्यामुळे बहुतेक ठाणेकर त्याला किल्ला म्हणतच नाहीत. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये तो बांधायला घेतला. सात वर्षांनी चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ठाणे मराठ्यांकडे आले. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ते मराठ्यांकडून घेतले. पोर्तुगीज पुन्हा साष्टीवर उतरणार आहेत अशी वदंता होती, तेच निमित्त झाले. पन्नास वर्षांच्या आत तीन धनी.

याच्या पुढची गोष्ट ठाण्याचा इतिहास सांगताना सहसा कोणी सांगत नाही. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले होते, युद्ध पेटले होते, आणि पुण्याच्या कारभाऱ्यांना अशा वेळी पाठीमागे दुसरा शत्रू नको होता. मग ज्यांना वसईतून हाकलले त्याच पोर्तुगीजांशी १७७९ मध्ये तह झाला. मैत्री टिकावी म्हणून दमणच्या बाजूच्या गावांतून वर्षाला १२,००० रुपयांचे उत्पन्न त्यांना लावून देण्यात आले. १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी गावे ठरली. हा मुलूख म्हणजे दादरा आणि नगर हवेली. जुन्या ठाणे जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या पालघरच्या, उत्तर सीमेला तो लागून आहे. पेशवाई १८१८ मध्ये गेली, इंग्रज १९४७ मध्ये गेले, आणि निकडीच्या वेळी केलेल्या त्या दोस्तीची निशाणी म्हणून पोर्तुगीज तिथे १९५४ पर्यंत बसून राहिले.

परराष्ट्र धोरणावर लिहायला घेतले आणि मी पेशवाईत शिरले, हे वाचकांना विचित्र वाटेल. पण एखाद्या लोकशाही देशाने आपले मित्र निवडताना आपल्या स्थापनेच्या तत्त्वांकडे पाहावे की गरजेकडे, हा प्रश्न हल्ली फार सोप्या भाषेत विचारला जातो आणि त्याहून सोप्या भाषेत निकाली काढला जातो. एक बाजू म्हणते, राजकारणात तत्त्वबित्त्व काही नसते. दुसरी म्हणते, हुकूमशहाशी हात मिळवला की संपले. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. आपल्या मराठी मुलखात या प्रश्नाची खरीखुरी परीक्षा झाली ती गोव्याच्या बाबतीत. तिचा एक तुकडा ठाण्याच्या सीमेवर घडला आणि त्याचा निकाल हेगला लागला.

२२ जुलै १९५४ रोजी दादरा मुक्त झाले आणि २ ऑगस्टला सिल्वासा. सैन्य गेले नव्हते, स्वयंसेवक गेले होते. आझाद गोमंतक दल होते, संघाचे लोक होते, कम्युनिस्टही होते. ज्यांची गाणी अजून घराघरांत वाजतात ते सुधीर फडके त्यात होते. भारताने दमणहून येणाऱ्या पोर्तुगीज शिपायांना आपल्या हद्दीतून जाऊ दिले नाही. पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला की भारताच्या भूमीवरून जाण्याचा हक्क आम्हाला आहे, कारण हा मुलूख आम्हाला मराठ्यांनी दिला.

म्हणजे १७७९ चा तह पुन्हा टेबलावर आला. हेगमध्ये जगभरचे न्यायमूर्ती बसून त्या तहाच्या निरनिराळ्या मजकुरांचा कीस काढत होते. प्रश्न असा की, पुणे दरबाराने पोर्तुगीजांना काय दिले? सत्ता दिली की फक्त महसूल? उत्तर दोन शब्दांवर येऊन थांबले: जहागीर आणि सरंजाम. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या माझ्यासारखीला या खटल्याचे अप्रूप वाटते ते इथे. जागीर हा फारसी शब्द, 'जा' म्हणजे जागा आणि 'गीर' म्हणजे धरणारा. 'सरअंजाम देना' आम्ही उर्दूत आजही म्हणतो, म्हणजे काम पार पाडणे. मराठेशाहीत चाकरी पार पाडण्यासाठी जे उत्पन्न लावून दिले जाई त्याला सरंजाम म्हणत. जमीन राजाचीच, घेणाऱ्याला मिळते ती तिची वसुली. न्यायालयाने १२ एप्रिल १९६० च्या निकालात हे मान्य केले. अशा देणगीचा अर्थ सार्वभौम सत्ता देऊन टाकणे असा लावल्याचे एकही उदाहरण आपल्यासमोर आले नाही, असे त्यांनी नोंदवले. पुढे इंग्रजांनी मात्र पोर्तुगीजांची सत्ता तिथे गृहीत धरली, म्हणून खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता जाण्यायेण्याचा हक्क न्यायालयाने मानला. सैनिक, पोलीस आणि शस्त्रे यांना असा हक्क नाही, आणि १९५४ मध्ये भारताने वाट अडवली त्यात काही बेकायदा नव्हते, असा तो निकाल.

त्या खटल्यात भारताच्या वतीने नेमलेले न्यायमूर्ती होते महंमद अली करीम छागला. १९४७ ते १९५८ ते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते, आणि निकाल लागला तेव्हा ते वॉशिंग्टनमध्ये भारताचे राजदूतही होते. हेगच्या बाकावर मराठ्यांच्या तहाचा अर्थ लावणारा मुंबईचा खोजा मुसलमान हे चित्र आमच्या मुलांच्या कोणत्याच पुस्तकात नाही. असायला हवे होते.

आता अमेरिकेकडे येते, कारण खरा पेच तिथे आहे. त्या देशाची स्थापनाच एका साम्राज्याविरुद्ध झाली. १७७६ चा त्यांचा जाहीरनामा सांगतो की सरकारला अधिकार मिळतो तो प्रजेच्या संमतीतून. (त्याच वर्षी मार्चमध्ये पुरंदरच्या तहाने ठाणे आणि साष्टी इंग्रजांकडेच राहिली. संमती विचारायची पद्धत इकडे नव्हती.) पण त्याच अमेरिकेचा पहिला मोठा दोस्त कोण, तर फ्रान्सचा अनियंत्रित राजा. १७७८ मध्ये त्यांनी त्याच्याशी लष्करी करार केला, आणि त्या मदतीशिवाय त्यांचे स्वातंत्र्ययुद्ध जिंकणे अवघड होते. फ्रान्सचा एक माणूस, सेंट लुबिन, त्याच सुमारास पुण्यात नाना फडणवीसांशी बोलणी करत होता. तेव्हा लोकशाहीने फक्त लोकशाहीशीच दोस्ती करावी हा नियम खुद्द अमेरिकेच्या जन्मालाही लागू पडत नाही. त्यात मला वावगे दिसत नाही. राजाची मदत घेतली, पण राजाला प्रजासत्ताक म्हणावे लागले नाही.

सालाझारच्या बाबतीत तेच म्हणावे लागले. नाटोचा करार ४ एप्रिल १९४९ ला झाला. त्याच्या प्रस्तावनेत लोकशाही, व्यक्तिस्वातंत्र्य आणि कायद्याचे राज्य ही तत्त्वे लिहिली आहेत. त्यावर सह्या करणाऱ्या पहिल्या बारा देशांत पोर्तुगाल होता. तिथे १९३२ पासून सालाझार सत्तेवर होता, निवडणूक नावापुरती, वृत्तपत्रांवर सेन्सॉर आणि राजकीय पोलिसांचा पहारा. शेजारच्या स्पेनमध्ये फ्रँको होता, त्याला मात्र बाहेर ठेवले. दोघांत फरक काय? पोर्तुगालकडे अटलांटिकच्या मधोमध अझोर्स बेटे होती, आणि अमेरिकी विमानांना तिथला तळ हवा होता.

सालाझार शब्दांचे मोल ओळखून होता. वसाहती सोडा असा दबाव वाढला तेव्हा १९५१ मध्ये त्याने राज्यघटना बदलली आणि 'वसाहत' हा शब्दच काढून टाकला. गोवा, अंगोला, मोझांबिक हे सगळे 'सागरापलीकडचे प्रांत' झाले. वसाहत नाहीच, तर मुक्त काय करायचे? गोव्यातला माणूस पोर्तुगालचाच नागरिक, त्याचा प्रश्न ही पोर्तुगालची अंतर्गत बाब. या अंतर्गत बाबीत सभा घ्यायला परवानगी नव्हती. १८ जून १९४६ ला डॉ. लोहियांनी मडगावात बंदी मोडून सभा घेतली तेव्हा त्यांना पकडले होते. पुढच्या आठ-नऊ वर्षांत त्यात काही सुधारले नाही.

१९५४ मध्ये पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती स्थापन झाली. केशवराव जेधे, जयंतराव टिळक, एस. एम. जोशी, नानासाहेब गोरे असे एरवी एकमेकांशी न पटणारे लोक त्यात होते. मे १९५५ मध्ये नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट तुकडी घेऊन गोव्यात शिरले. गोऱ्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. जुलैत मधू लिमये गेले, त्यांना लष्करी न्यायालयाने बारा वर्षे दिली. १५ ऑगस्ट १९५५ ला हजारो निःशस्त्र सत्याग्रही हद्द ओलांडू लागले आणि पोर्तुगीजांनी गोळ्या चालवल्या. वीसहून अधिक माणसे मेली. बांद्याहून गोव्यात जाताना पत्रादेवीला त्यांचे स्मारक लागते. गोव्याला जाणाऱ्या गाड्या तिथून सुसाट जातात.

या गोळीबाराला चार महिने होत नाहीत तोच, २ डिसेंबर १९५५ रोजी, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री पाउलो कुन्हा यांचे संयुक्त निवेदन निघाले. निमित्त होते ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन यांच्या भारतदौऱ्याचे. गोवा भारताचा आहे असे ते दोघे इथे जाहीरपणे बोलले होते. रशियाला उत्तर द्यायच्या घाईत डलेस यांनी निवेदनात गोव्याचा उल्लेख पोर्तुगालचा 'प्रांत' असा होऊ दिला, आणि काही दिवसांनी पत्रकारांनी छेडले तेव्हाही तेच धरून ठेवले.

एक शब्द. पण सालाझारने चार वर्षांपूर्वी बनवलेला तो शब्द जगातल्या सर्वांत बलाढ्य लोकशाहीच्या मंत्र्याने उचलला होता. अझोर्सच्या तळाचे भाडे अमेरिकेने पैशांत आणि शस्त्रांत दिलेच, शिवाय आपल्या भाषेतही दिले. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत बोचणारी गोष्ट हीच वाटते. आणि माझी कसोटीही मी इथूनच घेतली आहे. दोस्ती कोणाशी केली याच्याइतकेच मी हे पाहते की, त्या दोस्तीखातर कोणता शब्द गिळावा लागला आणि कोणता शब्द उसना घ्यावा लागला.

केनेडी आल्यावर थोडे बदलले. अंगोलात उठाव झाला तेव्हा मार्च १९६१ मध्ये संयुक्त राष्ट्रांत अमेरिकेने पोर्तुगालविरुद्ध मत दिले, तेही रशियाच्या बाजूने. लिस्बनला तो मोठा धक्का होता. पण अझोर्सचा करार १९६२ च्या अखेरीस संपत होता आणि अमेरिकी लष्कर अस्वस्थ होते. धोरण हळूहळू पुन्हा मवाळ झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात दिल्लीत पोर्तुगीज वसाहतींवर एक परिषद भरली होती. आफ्रिकेतून आलेल्या प्रतिनिधींनी नेहरूंना जवळजवळ टोमणाच मारला, की तुमच्या दाराशी असलेला गोवा सुटत नाही तर आम्ही कोणाकडे पाहावे?

१७ डिसेंबरच्या रात्री भारतीय सैन्य निघाले आणि १९ तारखेला गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. शेवटच्या माणसापर्यंत लढा हा सालाझारचा हुकूम त्यांनी मानला नाही. त्याबद्दल त्यांना लष्करातून काढण्यात आले. शहाणा माणूस होता असे मी म्हणेन.

१८ तारखेला सुरक्षा समितीत जे मतदान झाले ते आमच्या समाजातल्या वाचकांनी जरा थांबून पाहावे असे आहे. समितीत तेव्हा अकरा देश होते. भारताने ताबडतोब मागे फिरावे असा ठराव मांडला तो अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी. बाजूने सात मते पडली, विरुद्ध चार: सोव्हिएत संघ, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक, म्हणजे नासरचा इजिप्त. सोव्हिएत मत नकाराधिकाराचे असल्याने ठराव पडला. मुस्लिम बहुसंख्येचे दोन देश त्या टेबलाभोवती होते आणि दोघांनी परस्परविरुद्ध हात वर केले. तुर्कस्तान नाटोत होता, त्याने नाटोच्या सोबत्यासाठी केला. इजिप्तने पाच वर्षांपूर्वी सुएझवर वसाहतवाद्यांचे बॉम्ब झेलले होते, त्याने त्या आठवणीखातर केला. पाकिस्तान समितीत नव्हता, पण त्याची सहानुभूती पोर्तुगालकडे होती. गोव्यातून कराचीला पोर्तुगीज विमाने जात होती ती उगाच नव्हे. उम्मत हा आमच्या भावनेचा शब्द आहे, त्याचा मी आदर करते. पण परराष्ट्र खात्यांनी तो शब्द कधी वापरला आहे असे मला इतिहासात फारसे दिसत नाही.

इथवर गोष्ट आपल्याला सोयीची आहे. लोकशाहीवाद्यांचे ढोंग उघडे पडले, आपण बरोबर होतो. पुढची बाजू मी सांगितली नाही तर ते शिक्षकाचे काम होणार नाही.

ज्या सोव्हिएत संघाने गोव्यासाठी नकाराधिकार वापरला, त्याने नोव्हेंबर १९५६ मध्ये हंगेरीत रणगाडे घातले होते. तिथल्या जनतेने आपल्याला हवे ते सरकार मागितले, एवढाच तिचा गुन्हा. त्याच आठवड्यात ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी इजिप्तवर हल्ला केला होता. सुएझबद्दल भारताचा आवाज पहिल्या दिवसापासून खणखणीत होता. हंगेरीबद्दल तो घशातच अडकला. ४ नोव्हेंबरच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. ९ नोव्हेंबरला सोव्हिएत फौजा मागे घ्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका घ्या असा ठराव आला, तेव्हा कृष्ण मेनन यांनी विरुद्ध मत दिले. विरुद्ध मत देणाऱ्या अकरा देशांत कम्युनिस्ट नसलेला देश एकटा भारत होता. कारण समजण्यासारखे आहे. देखरेखीखालच्या निवडणुकीला एकदा हो म्हटले की उद्या काश्मीरचे नाव निघणार, आणि काश्मीर व गोवा या दोन्ही प्रश्नांवर पाठीशी उभा राहणारा मोठा देश रशियाच होता. कारण समजते, तरी 'आक्रमण' हा शब्द गिळला गेला हे खरेच राहते. जयप्रकाशांनी तेव्हा नेहरूंवर उघड टीका केली. नेहरूंचाही सूर नंतर बदलला, पण मत नोंदले गेले होते.

१९६८ मध्ये प्राग. पुन्हा रणगाडे, सुरक्षा समितीत पुन्हा भारत तटस्थ. त्या वेळी अशोक मेहता केंद्रात मंत्री होते. सोलापूर-मुंबईत घडलेला हा समाजवादी माणूस या तटस्थतेच्या निषेधार्थ मंत्रिपद सोडून बाहेर पडला. परदेशातल्या लोकांच्या स्वातंत्र्यासाठी आपली खुर्ची सोडणारे मंत्री आपल्याकडे किती झाले, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. १९८० च्या जानेवारीत अफगाणिस्तानच्या ठरावावरही भारत तटस्थच होता.

गोव्याच्या कारवाईवर घरातूनही टीका झाली होती हे नोंदवायला हवे. राजाजींचे म्हणणे होते की बळाचा वापर करून भारताने दुसऱ्यांना उपदेश करण्याचा नैतिक अधिकार घालवला. मला ते पूर्ण पटत नाही. चौदा वर्षे वाटाघाटी, वकिलात बंद करणे, सत्याग्रह, हेगचा खटला एवढे झाल्यावरचे ते पाऊल होते. पण राजाजी हे बोलू शकले आणि तुरुंगात गेले नाहीत, यात भारत आणि सालाझारचा पोर्तुगाल यांच्यातला फरक दिसतो.

मग १९७१. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत अवामी लीगने पाकिस्तानच्या संसदेत स्पष्ट बहुमत मिळवले आणि याह्याखानच्या लष्कराने ते रक्तात बुडवले. लोकशाही अमेरिका लष्करशहाच्या बाजूला राहिली. ढाक्यातला अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड आणि त्याचे सहकारी यांनी एप्रिलमध्ये आपल्याच सरकारला तार करून कळवले, की लोकशाही दडपली जात असताना आपण निषेध करत नाही, हे आम्हाला मान्य नाही. ब्लडची तिथून बदली झाली. आणि निवडणूक जिंकलेल्या लोकांच्या बाजूने उभा राहिला तो एकपक्षीय सोव्हिएत संघ, ज्याच्याशी भारताने ९ ऑगस्ट १९७१ ला करार केला होता. त्या दिवशी तत्त्वनिष्ठ होऊन मॉस्कोला नकार दिला असता तर बंगाली माणसाच्या मताचे काय झाले असते? म्हणून लोकशाहीची दोस्ती लोकशाहीशीच, हे सूत्र मला मान्य होत नाही. ते घोषणेला बरे आहे, पण ढाक्यात उभे राहून म्हणता येत नाही.

आपल्या राज्यघटनेनेही ते म्हटलेले नाही. कलम ५१ मार्गदर्शक तत्त्वांमध्ये आहे, त्यामुळे त्यावरून कोर्टात जाता येत नाही. त्यात चार गोष्टी आहेत: आंतरराष्ट्रीय शांतता आणि सुरक्षितता, राष्ट्राराष्ट्रांत न्याय्य व सन्मानाचे संबंध, आंतरराष्ट्रीय कायदा आणि तहांविषयी आदर, आणि तंटे लवादाने मिटवण्यास उत्तेजन. मित्र कसा असावा याची अट नाही, संबंध कसे असावेत याची आहे. मी दरवर्षी नववीला हे कलम सांगते. मागच्या खेपेला एका मुलीने विचारले, "मॅडम, मग न्याय्य नसेल तेव्हा आपण बोलायचं की नाही?" मी म्हटले, कलमात बोला असे लिहिलेले नाही. ती म्हणाली, "गप्प बसा असंही नाही ना?"

या प्रश्नापाशी आमच्यासारख्यांची वेगळी अडचण होते. मुसलमानाने परराष्ट्र धोरणावर तोंड उघडले की ऐकणाऱ्याला वाटते, याचे मत आपल्याला आधीच माहीत आहे. पॅलेस्टाइन म्हटले की धर्म, काश्मीर म्हटले की संशय. ही वागणूक चुकीची आहेच. पण आम्हीही तिला थोडे खाद्य पुरवतो. गाझावर आमच्या ग्रुपांत रोज लिहिले जाते. कोकणातल्या माझ्या आजोळी अर्धी पक्की घरे आखाती पैशांनी उभी आहेत. तिथल्या राजांनी कोणाला मत देऊ दिले का, टीका करणाऱ्यांचे काय केले, हा विषय त्या ओसरीवर निघाल्याचे मला आठवत नाही. पोटाचा प्रश्न आहे, मान्य. डलेस यांनाही तळाचाच प्रश्न होता.

आणि ठाण्यात इस्रायल हा केवळ नकाशावरचा देश नाही. टेंभी नाक्याजवळ १८७९ चे बेने इस्रायलींचे सिनेगॉग आहे. पिढ्यानपिढ्या मराठी बोलणारी ही माणसे, त्यांतली पुष्कळ इस्रायलला गेली तरी तिथे मराठी धरून आहेत. एलियाहू नबीच्या नावाने ते मलिदा करतात, आमच्याकडे फातिहाला मलिदा होतो, पदार्थ निराळा, शब्द एकच. तेव्हा इस्रायलशी संबंधच ठेवू नका हे मी म्हणणार नाही. भारताने १९५० मध्ये त्या देशाला मान्यता दिली, जानेवारी १९९२ मध्ये पूर्ण राजनैतिक संबंध आले, आणि व्यापार, शेती, शस्त्रे सगळे वाढले. माझा आक्षेप दुसरा आहे. २७ ऑक्टोबर २०२३ ला गाझात मानवतावादी युद्धविराम व्हावा असा ठराव आमसभेत आला तेव्हा भारत तटस्थ होता. डिसेंबरात भारताने युद्धविरामाच्या बाजूने मत दिले, आणि इस्रायलशी संबंध काही तुटले नाहीत. मग ऑक्टोबरात काय अडले होते? म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने निवडून आलेले सरकार उलथवले. जूनमध्ये आमसभेत ठराव आला तेव्हाही आपण तटस्थच. सीमा आहे, ईशान्येतले बंडखोर आहेत, चीन आहे, सगळे खरे. जनरल लोकांशी बोलणी जरूर करावीत. पण निवडून आलेले सरकार बंदुकीने पाडले, हे वाक्य उच्चारायला तरी आपल्या प्रतिनिधीला अडचण पडू नये.

सालाझारची गोष्ट मात्र अजून संपलेली नाही. २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमध्ये सैनिकांनीच त्याच्या वारसांची राजवट उलथवली आणि पोर्तुगाल लोकशाहीकडे वळला. नाटोने पंचवीस वर्षे ज्या तत्त्वांवर त्याची सही जपून ठेवली होती ती तत्त्वे तिथे पोचली ती बाहेरच्या मित्रांमुळे नव्हे. ३१ डिसेंबर १९७४ ला त्या नव्या सरकारने दिल्लीत करार करून गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली भारताचे आहेत हे मान्य केले. करार ३ जून १९७५ पासून अमलात आला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, २५ जूनच्या रात्री, भारतात आणीबाणी लागू झाली. वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला आणि विनाचौकशी तुरुंग सुरू झाले. आपला सर्वांत जवळचा मित्र मॉस्को आणीबाणीच्या बाजूने होता. मुंबईचे कामगार नेते जॉर्ज फर्नांडिस पकडले गेले तेव्हा त्यांच्या जिवासाठी आवाज उठवला तो विली ब्रांट, ब्रुनो क्राइस्की आणि ओलोफ पाल्मे या युरोपातल्या समाजवादी नेत्यांनी. परदेशातून आलेल्या टीकेला दिल्लीचे उत्तर ठरलेले होते: ही आमची अंतर्गत बाब आहे. सालाझार गोव्याबद्दल हेच म्हणत असे. हेगच्या बाकावर बसलेले छागला तेव्हा पंचाहत्तरीच्या आसपास होते, आणि आणीबाणीविरुद्ध उघडपणे बोलणाऱ्या मोजक्या लोकांत ते होते.

पोर्तुगीजांच्या बारा वर्षांच्या शिक्षेतून १९५७ मध्ये सुटलेले मधू लिमये या वेळी भारताच्या तुरुंगात होते, खासदार असताना. १९७६ मध्ये सरकारने निवडणुका न घेता लोकसभेची मुदत वाढवली, तेव्हा त्यांनी तुरुंगातूनच खासदारकीचा राजीनामा पाठवून दिला. लोकांनी दिलेली पाच वर्षे संपली आहेत, हे त्यांचे कारण होते.